समासातली टाचणी

आमच्या इमारतीचं पाणी अजून बिल्डरच्या नावावर आहे, हे आम्हा चोवीस बिऱ्हाडांना सतरा वर्षांनी कळलं, आणि तेही नोटिशीतून. महिनाअखेरपर्यंत नळजोडणी रहिवासी मंडळाच्या नावावर करून घ्या, नाहीतर नवीन जलवाहिनी टाकताना तुमची इमारत वगळली जाईल, असं नगरपालिकेनं कळवलं होतं. 'जलवाहिनी'तला 'हि' दीर्घ पडला होता. चोवीस बिऱ्हाडांत हे दुसरं दुःख बहुधा मला एकट्यालाच झालं असावं.

सभेत अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं. "हे काम तुम्ही करा. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, त्याचा इमारतीला काही उपयोग होऊ दे."

मी मुद्रितशोधक होतो. म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्याचा कच्चा छाप वाचायचा आणि चुका लाल शाईनं समासात दाखवायच्या. एकतीस वर्षं मी हेच केलं. निवृत्त झाल्यावर लाल पेन होतं, पण समास राहिला नव्हता. बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते, ती सकाळी आठला गेली की घरात मी आणि वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्र तरी किती वेळ तपासणार? तेव्हा मी हे काम जरा नाराजीचं तोंड करून, पण आतून आनंदानं घेतलं.

अर्ज ऑनलाइन होता. त्यातली पहिली अडचण जन्मतारखेची. 'अर्जदाराची जन्मतारीख' हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना. अर्जदार म्हणजे मंडळ. मी मंडळाच्या नोंदणीची तारीख घातली. उत्तर आलं, 'अर्जदार अठरा वर्षांखालील आहे. पालकाची सही जोडा.' चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीचा पालक कोण, यावर मी बराच वेळ विचार केला. तो बिल्डरच म्हणावा लागेल, आणि तो तर पोरं टाकून पसार झालेला.

दुसरी अडचण कागदपत्रांची. तिथे लिहिलं होतं, 'फाइल ३०० केबीपेक्षा मोठी व २०० केबीपेक्षा लहान असावी.' हे वाक्य मी चार वेळा वाचलं. माझ्या हाताखालून खूप चुकीची वाक्यं गेली आहेत, पण इतक्या शांतपणे अशक्य गोष्ट मागणारं वाक्य मी पाहिलं नव्हतं.

मी मोबाइलवर संगणकाच्या पडद्याचा फोटो काढला आणि मुलीला पाठवला. ती दुसऱ्या शहरात जाहिरातींची चित्रं करते. तिचा लगेच फोन आला.

"बाबा, तुम्ही बनियनवर आहात."

"तुला कसं कळलं?"

"काचेत दिसताय. तुम्हीच जास्त दिसताय, अर्ज कमी. असा फोटो काढतात का कोणी? स्क्रीनशॉट घ्या. त्यावर बाण काढता येतात, गोल करता येतात, बाजूला लिहिता येतं. सगळं फुकट आहे."

बाजूला लिहिता येतं, हे शब्द ऐकून माझ्या आत काय झालं ते फक्त दुसरा मुद्रितशोधकच समजू शकेल.

खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांना कुठल्याही विषयावर मत विचारावं लागत नाही, जिन्यात भेटलं की मिळतं. ते म्हणाले, "फुकट म्हणजे सांभाळून बरं का. फुकट तपासणीला आलेला माणूस शेवटी माझ्याकडून दाढ काढूनच जातो, हे मी स्वतः पाहतो." पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतो. दोन दिवसांत मी चार साधनं उतरवून घेतली. पहिलं प्रत्येक चित्राच्या मधोमध स्वतःचा शिक्का उमटवायचं. दुसऱ्यात दिवसाला पाचच बाण फुकट होते, आणि अर्जाच्या पहिल्याच पानावर माझे पाच बाण संपले. तिसऱ्याला सगळ्यावर लाल वर्तुळं काढायची इतकी हौस होती की मी नको म्हटलं तरी ते काढायचं. चौथं चांगलं होतं, पण त्यानं आधी माझ्या टीमची माहिती विचारली. टीममध्ये किती माणसं? मी 'दोन' लिहिलं आणि बायकोचा पत्ता दिला. त्यानंतर दर सोमवारी तिला पत्र येऊ लागलं की तुमचे सहकारी या आठवड्यात फार मेहनत करत आहेत, तुम्ही मात्र अजून एकही बाण काढलेला नाही.

"अहो, हे काय आहे?" तिनं विचारलं. "लॅबमध्ये सगळ्यांसमोर उघडलं मी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाण कसले काढता?"

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. पण मी अर्जाच्या पानाचा स्क्रीनशॉट घेतला, त्यावर अकरा बाण काढले आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकला. बाण फार सुबक आले होते. फक्त चित्राच्या उजव्या कोपऱ्यात माझं आणि मुलीचं उघडं राहिलेलं चॅटही आलं होतं, आणि त्यात मी लिहिलं होतं, 'भोंग्यानं शेवटी मलाच कामाला जुंपलं.'

भोंगा म्हणजे आमचे अध्यक्ष. त्यांचा आवाज मोठा आहे. हे नाव फक्त आमच्या घरातलं होतं, आणि घराबाहेर जायचं काही कारण नव्हतं. चोवीस बिऱ्हाडांपैकी एकवीस जणांनी चित्र पाहिल्याची खूण तीन मिनिटांत दिसली. बाणांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

संध्याकाळी अध्यक्ष दारात उभे. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले, चहा घेतला आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाले, "कचेरीत मला तोफ म्हणायचे. भोंगा म्हणजे जरा उतरतंच."

मी काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "असू द्या. पाण्याचं बघा." आणि कप खाली ठेवून गेले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

मुलीला हे कळल्यावर ती आधी पोटभर हसली, मग म्हणाली, "बाबा, तुम्ही स्क्रीनशॉटच्या वाटेला जाऊ नका. एक वेगळी गोष्ट आहे. वेबसाइटच्या पानावरच लिहिता येतं. वाक्य पिवळं करायचं आणि बाजूला टीप टाकायची. मूळ पानाला धक्का लागत नाही, वर एक पारदर्शक कागद ठेवल्यासारखं. मग त्याची लिंक पाठवायची, की समोरच्याला टिपांसकट पान दिसतं."

त्या दिवशी मी जेवायला दोनदा बोलावल्यावर उठलो. नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाचं ते लांबलचक पान मी पहिल्या अक्षरापासून तपासलं. शुद्धलेखन, विरामचिन्हं, दोनदा आलेली वाक्यं, एकदाही न आलेली क्रियापदं, सगळं. त्रेसष्ट टिपा झाल्या. केबीच्या वाक्याशेजारी मी लिहिलं, 'हे गणितात बसत नाही. खुलासा व्हावा.' जन्मतारखेशेजारी लिहिलं, 'इमारतीस जन्म असतो काय?' आणि जुन्या सवयीनं शेवटी पूर्ण नाव, इमारतीचा पत्ता आणि 'मुद्रितशोधक (निवृत्त)' असं घातलं. माझी समजूत अशी की हे सगळं माझ्या स्वतःच्या प्रतीवर पेन्सिलनं लिहिल्यासारखं आहे. खाली बारीक अक्षरांत 'सर्वांना दिसेल' असं लिहिलेलं होतं. मुद्रितशोधकानं बारीक अक्षरं वाचायची नसतात असं नाही, पण त्या दिवशी माझं लक्ष दुसऱ्यांच्या चुकांवर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पान उघडलं तर केबीच्या टिपेखाली कोणाचं तरी उत्तर आलं होतं.

'आकडे उलटे पडलेत. २५० केबीची फाइल लावा, चालते. एवढं पुरे.'

लिहिणाऱ्याचं नाव होतं, टाचणी.

मी २५० केबीची फाइल केली. चालली.

जन्मतारखेखालीही उत्तर होतं. 'मंडळाची घालू नका, अध्यक्षांची घाला. एवढं पुरे.'

मी अध्यक्षांकडे तारीख मागायला गेलो. त्यांनी ती चिठ्ठीवर लिहिली, चार घड्या घातल्या आणि म्हणाले, "तुमच्यापुरती ठेवा." गेली कित्येक वर्षं ते सगळ्यांना पासष्ट सांगत आले होते. चिठ्ठीप्रमाणे चौऱ्याहत्तर निघाले. भोंग्याच्या प्रकरणानंतर एवढं गुपित पाळणं माझं कर्तव्यच होतं, आणि मी ते अगदी बायकोपासूनही पाळलं.

पण माझा जीव अर्जात राहिलाच नव्हता. ही टाचणी कोण? मी नगरपालिकेची बाकीची पानं धुंडाळू लागलो. टाचणी सगळीकडे होती. मालमत्ता नोंदीच्या पानावर, झाडं तोडण्याच्या परवानगीच्या पानावर, अगदी भटक्या कुत्र्यांच्या तक्रारीच्या पानावरही. काही टिपा दीड-दोन वर्षं जुन्या होत्या. 'हा फोन बंद आहे, चार नंबरच्या खिडकीत विचारा.' 'तीन प्रती मागतात, दोन पुरतात.' 'साहेब बुधवारी नसतात.' कोणी विचारलेलं नव्हतं, कोणी आभार मानले नव्हते. रिकाम्या वर्गात कोणीतरी रोज फळ्यावर धडा लिहून जावं, तसं ते दिसत होतं. मला फार कुतूहल वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा मत्सरही. टाचणीच्या टिपांत शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "हॅकर. आधी गोड बोलतात." अध्यक्ष म्हणाले, "विरोधी पक्षाचा माणूस असणार." बायकोनं भाजी चिरता चिरता मान वर केली. "तुमच्यासारखंच कोणीतरी रिकामं."

मी समासात विचारलं, 'आपण कोण?'

दोन दिवस उत्तर नाही. मग आलं, 'अर्जाचं बघा. महिना संपत आला.'

एव्हाना अध्यक्षांनी एक उद्योग केला होता. मी कौतुकानं त्यांना दिलेली माझ्या टिपांची लिंक त्यांनी शेजारच्या इमारतींना पाठवली, त्यांनी पुढच्यांना, आणि आठवडाभरात अर्ध्या गावाकडे ती पोचली. लोक त्रेसष्ट टिपांसकट पान छापून घेऊन नगरपालिकेच्या खिडकीवर जाऊ लागले आणि "यात असं लिहिलंय" म्हणून कारकुनांना माझी वाक्यं वाचून दाखवू लागले. हे मला कळलं ते असं, की एका सकाळी नगरपालिकेचा शिपाई घरी पत्र घेऊन आला. नगरपालिकेच्या संकेतस्थळावर अनधिकृत लिखाण केल्याबद्दल सोमवारी अकरा वाजता समक्ष हजर राहून खुलासा करावा.

मी एकतीस वर्षांत प्रेसला कधी उशिरा गेलो नाही, आणि आता भिंतीवर लिहिणाऱ्या माणसासारखा मला समन्स. डॉक्टर म्हणाले, "काही कबूल करू नका." अध्यक्ष म्हणाले, "मी येतो, आवाज चढवावा लागला तर." मी एकटाच गेलो. बायकोनं इस्त्रीचा सदरा दिला आणि म्हणाली, "तिथल्या पाट्या तपासत बसू नका."

संगणक विभागाचे अधिकारी तिसऱ्या मजल्यावर बसत. माणूस सभ्य, पण थकलेला. टेबलावर माझ्या टिपांचे छापील कागद.

"हे तुम्ही लिहिलं?"

"हो."

"आमच्या वेबसाइटवर?"

"वेबसाइटवर नाही. वर. म्हणजे वेबसाइटच्या वर एक पारदर्शक कागद असतो, त्यावर."

त्यांनी स्वतःच्या संगणकावर पान उघडलं. पान स्वच्छ. सगळ्या चुका जागच्या जागी, माझी एकही टीप नाही.

"पुसलंत का?"

"नाही. ते साधन असल्याशिवाय दिसत नाही."

"मग लोकांना कसं दिसतं?"

"लिंकवरून."

त्यांनी लिंक उघडायचा प्रयत्न केला. कचेरीच्या संगणकावर बाहेरची पानं बंद होती. ती उघडायची परवानगी संगणक विभागाकडून घ्यावी लागते, आणि विभागाचे प्रमुख तेच होते. त्यासाठी स्वतःलाच अर्ज करावा लागला असता. त्यांनी क्षणभर तसा विचार केला आणि सोडून दिला.

"असं करा," ते म्हणाले, "जे इथे दिसत नाही ते पुसून टाकेन, असं लिहून द्या."

मी कागद ओढला. पण त्याआधी त्यांना टिपांत चुकीचं काय आहे ते नोंदवायचं होतं, म्हणून त्यांनी पाणीपुरवठ्याच्या खिडकीवरच्या बाईंना वर बोलावलं. पन्नाशीच्या, गळ्यात दोरीला चष्मा, हातात नोंदवही. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या कागद वाचायला सुरुवात केली. मी लोकांना वाचताना एकतीस वर्षं पाहिलं आहे. बाई नुसत्या डोळे फिरवत नव्हत्या, ओळ न् ओळ वाचत होत्या.

"एक चुकीची आहे," त्या म्हणाल्या.

मी ताठ झालो. "कोणती?"

"एकेचाळीस. 'फेरूल' खोडून तुम्ही 'फेरफार' केलंय."

"फेरूल असा शब्द नाही."

"आहे. रस्त्यातल्या मोठ्या पाइपाला घरचा नळ जिथे जोडतात, तिथे पितळेचा तुकडा बसवतात. त्याला फेरूल म्हणतात. फेरफार केलात तर लोक तलाठ्याकडे जातील. एवढं पुरे."

माझे कान तापले होते, तरी शेवटचे दोन शब्द मी ऐकले. मी वर पाहिलं. बाई अजून कागदाकडेच बघत होत्या, पण कागदाची कड त्यांच्या अंगठ्याखाली दुमडली होती.

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून कागद घेतला. "आणि ही टाचणी कोण? हिनं तर उत्तरं दिलीत. साहेब बुधवारी नसतात, हेही लिहिलंय म्हणे कुठेतरी. ही आतली खबर आहे. कोणीतरी आपल्यातलंच आहे. तुम्हाला माहीत आहे का?"

बाईंनी चष्मा काढला आणि दोरीवर सोडला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीकडेही नाही. दोन वर्षं रिकाम्या समासात लिहिणारं माणूस माझ्यापासून चार फुटांवर उभं होतं, आणि त्याची नोकरी माझ्या एका वाक्यावर होती.

"तीही मीच," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"प्रश्नही मीच विचारले आणि उत्तरंही मीच दिली."

अधिकाऱ्यांनी कागद टेबलावर ठेवला. "स्वतःच स्वतःला विचारायचं आणि स्वतःच सांगायचं? कशासाठी?"

"निवृत्त आहे," मी म्हणालो.

त्यांना ते एकदम पटलं. इतकं चटकन पटलं की माझा थोडा अपमानच झाला. त्यांनी सहानुभूतीनं पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, त्यांचे वडीलही हल्ली रेडिओला उत्तरं देतात.

मी लिहून दिलं. बाई खाली गेल्या. परत जाताना त्यांच्या खिडकीशी थांबलो तेव्हा त्यांनी माझा अर्ज क्रमांक विचारला, नोंदवहीत पाहिला, शिक्का मारला आणि पोचपावती पुढे केली. आमची जोडणी मुदतीच्या दोन दिवस आधी मंडळाच्या नावावर झाली. अध्यक्षांनी ती बातमी गच्चीवरून सांगितली, ग्रुपची गरज पडली नाही.

कबूल केल्याप्रमाणे मी त्रेसष्ट टिपा एकेक करून पुसल्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर टाचणीच्याही गेल्या होत्या. कुत्र्यांच्या पानावरची तेवढी राहून गेली असावी असं वाटून मी तिथेही गेलो. ती पण नव्हती. पानं पुन्हा एकदा कोरी आणि चुकीची झाली. घरात मी दोन दिवस कमी बोललो. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, टीम मोडली."

महिन्याभरानं सहज ते पान उघडलं. नगरपालिकेनं माझे कागद पान सांभाळणाऱ्या कंत्राटदाराकडे पाठवले होते, असं नंतर समजलं. कंत्राटदारानं काम केलं होतं. केबीचे आकडे तसेच उलटे होते. जन्मतारीख तशीच. नोटिशीप्रमाणेच इथेही 'जलवाहिनी'तला 'हि' दीर्घच. त्रेसष्टांपैकी नेमकी एक दुरुस्ती केलेली होती. 'फेरूल'च्या जागी 'फेरफार'.

त्या शब्दाशेजारी पिवळा पट्टा होता आणि समासात एक नवीन टीप. लिहिणारी टाचणी. टिपेत एकच शब्द: 'आता?'

मला आनंद झाला की लाज वाटली, ते सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही. मी त्याच दिवशी हातानं सविस्तर अर्ज लिहिला. सदर पानावर माझ्या चुकीमुळे शिरलेला शब्द काढून मूळ शब्द पूर्ववत करावा. फुलस्केपचे दोन कागद, समास सोडून. आणि तो पोस्टात न टाकता स्वतः घेऊन गेलो.

खिडकीवर गर्दी नव्हती. बाईंनी अर्ज घेतला, चष्मा लावला आणि वाचू लागल्या. ओळ न् ओळ. पहिला कागद झाला. दुसऱ्या कागदाच्या मध्यावर त्या थांबल्या. ड्रॉवर उघडून त्यांनी लाल पेन काढलं, एका शब्दाखाली रेघ मारली, समासात काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला.

मी 'फेरुल' लिहिलं होतं. 'रु' ऱ्हस्व.

"शेवटून दुसरं अक्षर," बाई म्हणाल्या.

"दीर्घ," मी म्हणालो.

त्यांनी खिडकीतून एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला, आणि त्यावर ते लाल पेन ठेवलं. मी बाजूच्या कठड्यावर कागद टेकवला आणि अर्ज पहिल्यापासून लिहायला घेतला.